टीबी निदानाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात नव्याने रुजू होताना

ऑर्डर हातात पडते तेव्हा तिच्यावर तीन-चार नावं असतात. एक आपल्याकडचं मेडिकल कॉलेज, एक परदेशातलं विद्यापीठ, एक पैसा देणारी संस्था, आणि खाली बारीक अक्षरात 'करार ११ महिने'. डीएमएलटी किंवा एमएस्सी मायक्रो करून आलेली मुलं-मुली पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारतात: "मॅडम, मशीन कधी शिकवणार?" मशीन दोन दिवसांत येतं. बाकीच्या गोष्टींना सहा महिने लागतात, आणि प्रकल्प बिघडतात ते त्या बाकीच्या गोष्टींवरून. म्हणून हा लेख मशीनपासून सुरू होत नाही.

पायरी १: कोण कुठे बसलंय ते बघा

पहिल्या आठवड्यात एका कागदावर नावं लिहून बाण काढा. पैसा कोण देतं, प्रोटोकॉल कोणी लिहिला, पीआय (अभ्यासाचे मुख्य संशोधक) कोण, नमुने शेवटी कुठे जातात, आणि तुमची चूक झाली तर आधी कोणाला सांगायचं. हा कागद कोणी आयता देत नाही.

भागीदारी आपल्याकडे नवी नाही. १९५६ मध्ये मद्रासला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांनी मिळून क्षयरोगाच्या औषधोपचाराचं केंद्र उघडलं. घरी राहून घेतलेले उपचार सॅनेटोरियमइतकेच गुण देतात, हे तिथल्या अभ्यासाने दाखवलं आणि जगभरची पद्धत बदलली. तेच केंद्र आज चेन्नईची एनआयआरटी, म्हणजे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. २०१३ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या सरकारी निधीवर 'रिपोर्ट इंडिया' हे संशोधनाचं जाळं उभं राहिलं. पुण्याचं बी. जे. मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ हे त्यातलं आपल्या सर्वांत जवळचं उदाहरण.

ज्याला आपण सीबीनॅट म्हणतो त्या, कार्ट्रिजमध्ये टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा मोठा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. तो लिमा, बाकू, केपटाउन, डर्बन आणि मुंबई अशा पाच ठिकाणी झाला होता. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात. एकूण १,७३० रुग्ण. त्यातला एक आकडा आजच पाठ करा. स्लाइडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, जंतू दिसलेल्या रुग्णांत एका चाचणीने ९८.२ टक्के टीबी पकडला, पण स्लाइड निगेटिव्ह आणि कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) पॉझिटिव्ह अशा रुग्णांत ७२.५ टक्केच. म्हणजे अशा चारातला साधारण एक जण सुटतो. 'नॉट डिटेक्टेड' (जंतू सापडले नाहीत) आलं की टीबी नाहीच, असं रुग्णाच्या नातेवाइकाला परस्पर सांगून मोकळं होऊ नका. ते डॉक्टरांचं काम.

पायरी २: कागद

एथिक्स कमिटीची मंजुरी, परदेशी सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी, दोन संस्थांमधला करार. हे मिळवणं तुमचं काम नाही, पण ही कागदपत्रं कुठल्या फाइलमध्ये आहेत हे तुम्हाला माहीत हवं. मंजुरीच्या तारखेआधी घेतलेला एकही नमुना अभ्यासात चालत नाही.

तुमचा स्वतःचा कागद म्हणजे जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, माणसांवरच्या संशोधनाचे नियम) प्रमाणपत्र. 'ग्लोबल हेल्थ नेटवर्क'च्या संकेतस्थळावर तो कोर्स फुकट आहे. घाईघाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत संपवू नका. संमतीचं प्रकरण दोनदा वाचा, कारण संमतीपत्राचं मराठी भाषांतर कसं असतं ते तुम्हाला लवकरच कळेल. 'आपल्या जैविक नमुन्याची भविष्यकालीन संशोधनार्थ साठवणूक' हे वाचून रुग्ण मान डोलावतो आणि सही करतो, आणि त्याला काहीही कळलेलं नसतं. "काका, यातला थोडा कफ आम्ही फ्रीजरमध्ये ठेवू, पुढे कधी नवीन तपासणी निघाली तर त्याच्यावर करून बघू, चालेल? नाही म्हणालात तरी तुमची औषधं तशीच चालू राहतील," असं तोंडी सांगावं लागतं. मंजूर झालेला मजकूर आपल्या मनाने बदलता येत नाही, पण तो समजावून सांगायला कोणी अडवत नाही. शब्दच खटकत असेल तर पीआयना सांगा. सुधारित मजकूर एथिक्स कमिटीकडे पाठवता येतो. परदेशातल्या भागीदाराला ही चूक कधीच दिसणार नाही. ती फक्त तुम्हाला दिसते.

पायरी ३: आधी स्वतःचा जीव

रुजू होताना छातीचा एक्स-रे आणि तब्येतीची तपासणी मागून घ्या. एन-९५ मास्क मिळतो, पण तो तुमच्या चेहऱ्यावर बसतो का याची फिट टेस्ट करून घ्या. डोक्यावर टोपरं घालून आत कडू चवीचा फवारा मारतात. तोंड कडू झालं तर मास्क गळतोय. दाढी असेल तर तो गळणारच, त्यावर वाद नको.

सेफ्टी कॅबिनेटपाशी (ज्या पेटीत हवा आत ओढत नमुने हाताळतात) दोन गोष्टी. काम सुरू करायच्या आधी ते काही मिनिटं चालू ठेवा, हात आत-बाहेर हळू न्या. आणि छताचा पंखा बंद करा. भागीदाराकडून जिनिव्हाहून आलेल्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) पंख्याचा उल्लेख नसतो, कारण तिथे पंखाच नसतो. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडला की कोणीतरी पंखा लावतोच, आणि कॅबिनेटच्या तोंडाशी असलेला हवेचा पडदा फाटतो. टिश्यू पेपरची पट्टी तोंडाशी धरून बघा, ती आत ओढली जायला हवी.

पायरी ४: 'थुंकी' हा शब्द वापरू नका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळं गाडं इथेच अडतं.

आपल्या दवाखान्यांत सर्रास 'थुंकी तपासणी' म्हणतात. रुग्णाच्या हातात डबी देऊन "थुंकी द्या" म्हटलं की तो बिचारा प्रामाणिकपणे थुंकी देतो. पातळ, पांढरी, फेसाळ. ती लाळ असते. तिच्यात फुप्फुसातलं काहीच नसतं. मग लाखो रुपयांचं मशीन 'नॉट डिटेक्टेड' सांगतं, आणि ते खरंही असतं: त्या लाळेत टीबी नव्हताच.

मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी आठवडाभर डबी देण्याच्या टेबलावर बसवते. तिथे मशीन नाही, संगणक नाही. एक मावशी आल्या होत्या, तीन वेळा डबी भरून दिली, तिन्ही वेळा लाळ. चौथ्या वेळी माझ्याकडच्या मुलीने स्वतः उभं राहून करून दाखवलं. "मावशी, आधी चूळ भरा. आता नाकाने मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. अजून एकदा. आता पोटाला हात लावून खोकला, घशातला नको, छातीतला बेडका काढा." मावशींनी पोटावर हात दाबला, दोनदा खोकल्या आणि डबीत घट्ट, पिवळसर, चिकट असा बेडका पडला. तिथल्या तिथे मुलीचा चेहरा उजळला. बेडका पाहून आनंद व्हायला लागला की समजा तुम्ही या कामात रुळलात.

उघड्या हवेत, इतर माणसांपासून दूर उभं करा. झाकण तुम्ही लावू नका, रुग्णाला लावू द्या, मग बाहेरून घट्ट आहे का ते बघा. नाव झाकणावर न लिहिता डबीच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात. एक मिलिलिटरहून कमी असेल तर पुन्हा मागा, आणि पुन्हा मागताना आवाज चढवू नका. माणूस रात्रभर खोकून आलेला असतो.

पायरी ५: सूक्ष्मदर्शकाला जुना समजू नका

रॅपिड मशीन आल्यापासून नवीन मुलांना स्लाइड वाचायचा कंटाळा येतो. पण संशोधनात नव्या चाचणीची तुलना जुन्या चाचण्यांशीच होते, त्यामुळे स्लाइड तुम्हाला नीट वाचता आलीच पाहिजे. झील-नील्सनची रीत: कार्बोल फुक्सिन, गरम करणं, २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल, मग मिथिलिन ब्लू. गरम करताना वाफ निघाली पाहिजे, उकळी नको.

मोजणी पाठच हवी. फील्ड म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा गोल. १०० फील्डमध्ये १ ते ९ जंतू असतील तर तो आकडाच लिहायचा, म्हणजे 'स्कँटी'. १०० फील्डमध्ये १० ते ९९ असतील तर १ प्लस. दर फील्डला १ ते १० असतील तर २ प्लस, आणि त्याहून जास्त असतील तर ३ प्लस. निगेटिव्ह म्हणायच्या आधी १०० फील्ड खरोखर बघा. वीस बघून कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. सुपरवायझरलाही माहीत असतं, म्हणून तर स्लाइड्स पुन्हा तपासायला काढतात.

पायरी ६: आता मशीन

सीबीनॅटमध्ये एक भाग बेडका असेल तर दोन भाग सॅम्पल रिएजंट. झाकण लावून जोरात हलवा, १० मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा, आणखी ५ मिनिटं ठेवा. द्रव पातळ झाला नसेल, दोरे दिसत असतील, तर तसाच कार्ट्रिजमध्ये ढकलू नका. मशीन आतल्या पिचकारीचा दाब मोजतं. घट्ट नमुन्याने दाब वाढला की '२००८' हा एरर येतो. कार्ट्रिज वाया, रुग्णाचा दिवस वाया. कार्ट्रिजच्या मागच्या पातळ नळीला बोट लावू नका, नंबर अंगावर लिहा, बारकोडवर नाही. दोन मिलिलिटर द्रव सावकाश सोडा, बुडबुडे नकोत.

कार्ट्रिज २ ते २८ अंशांत ठेवायची असतात. पुण्यात हे वर्षातले बरेच दिवस आपोआप जमतं. चंद्रपूरला मे महिन्यात जमत नाही. तिथे कार्ट्रिजच्या खोलीत थर्मामीटर आणि त्याची रोजची नोंदवही, दोन्ही तुमच्या अंगावर. रविवारी कोण लिहिणार, हे शनिवारी ठरवा.

निकालाचे शब्द नीट ओळखा. 'इनव्हॅलिड', 'एरर' आणि 'नो रिझल्ट' म्हणजे निगेटिव्ह नव्हे. चाचणी झालीच नाही, पुन्हा करा. 'रिफ रेझिस्टन्स इनडिटर्मिनेट' म्हणजे टीबी आहे, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का ते कळलं नाही. अल्ट्रा कार्ट्रिजवर (सीबीनॅटची नवी, अधिक संवेदनशील आवृत्ती) 'ट्रेस' असाही निकाल येतो. तो सगळ्यांत कमी जंतूंचा, त्यात रिफाम्पिसिनबद्दल काही सांगता येत नाही, आणि पूर्वी टीबीचे उपचार झालेल्या माणसात तो जुन्या, मेलेल्या जंतूंचाही असू शकतो. मशीन डीएनए बघतं. जंतू जिवंत आहे का, हे त्याला कळत नाही. म्हणून औषध चालू झाल्यावर गुण येतोय का ते बघायला ही चाचणी वापरत नाहीत. वॉर्डातून फोन येतो, "अहो, दोन महिन्यांनी परत सीबीनॅट करा ना!" तेव्हा नम्रपणे स्लाइड आणि कल्चर सुचवा.

टीबीचा डीएनए शोधणारं दुसरं मशीन ट्रूनॅट, ते आपल्या गोव्याचं. मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालणारं, लहान केंद्रांसाठी बनवलेलं. भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी इथल्या अभ्यासानंतर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आपल्या शिफारशींत घेतलं. हे सांगायचं कारण वेगळं आहे. भागीदारी म्हटली की तंत्रज्ञान तिकडून येतं आणि आपण शिकतो, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे मशीन पणजीपासून तासाभरावर बनलं, आणि तपासलं गेलं ते लिमा नि अदिस अबाबासारख्या शहरांच्या देशांतही. काम करताना मात्र फरक लक्षात ठेवा. सीबीनॅटमध्ये सगळं एका बंद कार्ट्रिजमध्ये होतं. ट्रूनॅटमध्ये आधी एका यंत्रात डीएनए काढायचा, मग त्यातले ६ मायक्रोलिटर पिपेटने चिपवर सोडायचे. म्हणजे इथे तुमचा हात आला. पिपेटचं टोक चिपला टेकलं, बुडबुडा गेला, आदल्या नमुन्याचा थेंब टेबलावर राहिला, की निकाल हलला. टेबल दर वेळी ताज्या हायपोक्लोराइटने आणि मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा. सकाळी बनवलेलं हायपोक्लोराइट दुसऱ्या दिवशी वापरू नका, ते मेलेलं असतं.

पायरी ७: नोंद

संशोधनात न लिहिलेली गोष्ट घडलेलीच नसते. हे वाक्य मॉनिटर, म्हणजे अभ्यासाच्या नोंदी तपासायला येणारा माणूस, तुम्हाला ऐकवेलच.

नोंद त्याच क्षणी करायची, ज्याने काम केलं त्याने करायची, पेनाने करायची. चुकलं तर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये दिसताच कामा नये. माझ्या हाताखाली एक फार हुशार मुलगा होता. दिवसभराच्या सगळ्या वेळा संध्याकाळी चहा पिता पिता आठवून लिहायचा. मॉनिटरने मशीनमधली वेळ आणि वहीतली वेळ शेजारी ठेवली: वहीनुसार नमुना मशीनमध्ये गेला ११.१५ ला, मशीननुसार १०.५२ ला. निकाल अगदी बरोबर होते. तरी त्या महिन्याच्या प्रत्येक नमुन्याची कागदपत्रं पुन्हा तपासावी लागली.

तारीख हाही एक सापळा. आपण ०४/०५ लिहिलं तर ४ मे. अमेरिकेतला सहकारी ते ५ एप्रिल वाचतो. महिना अक्षरांत लिहायची सवय लावा.

आणि 'ब्लाइंडिंग'. नव्या चाचणीचा निकाल वाचणाऱ्याला कल्चरचा निकाल माहीत नसावा, हा अशा अभ्यासांचा पाया. पण लॅब छोटी असते, दोघी मैत्रिणी शेजारी बसतात, "अगं, तो ०३७ नंबर उगवला का गं?" असं सहज विचारलं जातं. कल्चरला ४२ दिवसांपर्यंत लागतात, तेवढी उत्सुकता दाबणं जड जातं. तरी दाबा. अभ्यासाचा निकाल एकीकडे आणि रुग्णाचे उपचार दुसरीकडे, हेही विसरू नका. उपचारासाठी ठरलेल्या चाचणीत टीबी निघाला तर तो निकाल त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणि निक्षयवर (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) गेला पाहिजे. अभ्यासाच्या नादात रुग्ण थांबता कामा नये.

पायरी ८: नमुना पाठवणं

बेडका आणि वाढवलेलं कल्चर एकाच नियमात बसत नाहीत. तपासणीसाठी पाठवायचा बेडका यूएन ३३७३ (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) खाली जातो, टीबीचं कल्चर यूएन २८१४ खाली, आणि त्याचं पॅकिंग फार कडक. दोन्हींत तिहेरी पॅकिंग. हे काम प्रशिक्षण घेतलेल्यानेच करायचं असतं. तुमचं झालं नसेल तर "माझं झालेलं नाही" असं स्पष्ट सांगा.

पायरी ९: कॉलवर बोला

आठवड्याचा कॉल जिनिव्हाच्या दुपारी दोनला असतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तिकडे घड्याळ बदलतं, आपलं नाही. ऑक्टोबर संपताना दर वर्षी कोणीतरी तासभर आधी येऊन बसतो.

आपली मुलं कॉलवर गप्प असतात. इंग्रजी अडतं, पीआय सर समोर असतात. पण वीज दुपारी किती वेळ जाते, सोमवारी नमुने दुप्पट का येतात, गणपतीत रुग्ण का येत नाहीत, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार? दोन वाक्यं आधी कागदावर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. व्याकरण कोणी तपासत नाही. पिपेटला हात न लावता प्रोटोकॉल लिहिणारी माणसंही असतात, आणि त्यांना ते तुमच्याकडून कळलं तर बरंच वाटतं.

एक प्रश्न मात्र सुरुवातीलाच विचारून घ्या: प्रकल्प संपल्यावर मशीन कोणाचं, आणि त्याच्या दुरुस्तीचा करार कोण भरणार? मी एका ठिकाणी उत्तम चालणारं मशीन निधी संपल्यावर चादरीखाली झाकलेलं पाहिलंय. मॉड्यूलचं (मशीनमधल्या चाचणीच्या खणाचं) कॅलिब्रेशन राहिलं होतं, कार्ट्रिजला पैसे नव्हते, आणि ते शिकलेली मुलगी खासगी लॅबमध्ये शुगरचे रिपोर्ट काढत होती.

पायरी १०: ११ महिने संपायच्या आत

सहाव्या महिन्यात स्वतःहून पॅनेल टेस्ट मागा. बाहेरून आलेले, उत्तर झाकलेले नमुने. त्यात पास झालात की ते पत्र जपून ठेवा. मग लगेच पुढच्या नव्या माणसाला तुम्ही शिकवा, शिकवताना आपलं काय कच्चं आहे ते दिसतं. ग्लोबल लॅबोरेटरी इनिशिएटिव्हचं प्रशिक्षण साहित्य फुकट मिळतं, त्यातल्या स्लाइड्स मराठीत करून घेतल्यात तर जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांना फार मागणी आहे. पुढे जायची इच्छा असेल तर कॅनडात मॅकगिल विद्यापीठाचा टीबी निदानावरचा अभ्यासक्रम किंवा फ्रान्समध्ये अ‍ॅनेसीला भरणारा निदानशास्त्राचा अभ्यासक्रम, हे दोन्ही नजरेसमोर ठेवा. अर्ज करण्याआधी शिष्यवृत्तीची चौकशी करा, आणि पीआयना शिफारसपत्रासाठी महिनाभर आधी सांगा, आदल्या रात्री नाही.

शोधनिबंध निघेल तेव्हा तुमचं नाव लेखकांत बसतं की आभारात, हेही आताच विचारा. विचारताना संकोच वाटेल. पण मसुदा संपादकांकडे गेल्यावर विचारलंत तर काही उपयोग नाही.

तोवर तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर जीसीपी प्रमाणपत्राची मुदत लाल पेनाने लिहून ठेवा. मॉनिटर आला की आधी तेच पान उघडतो.